नेतृत्वाची पदवी आणि झाशीची साक्ष

नेतृत्व ही जन्मजात देणगी आहे की शिकून संपादन करण्याची विद्या आहे, हा वाद जुना आहे. तो मिटण्याची वाट न पाहता विद्यापीठांनी मात्र नेतृत्वाच्या पदव्या सुरू केल्या. अमेरिकेत रिचमंड विद्यापीठाची जेप्सन नेतृत्व-अध्ययनशाळा १९९२ साली उघडली. पुण्यात २००५ साली स्थापन झालेल्या एमआयटी स्कूल ऑफ गव्हर्नमेंटने राजकीय नेतृत्व आणि शासन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यामुळे अशा पदव्यांना आता धोरणाचाही आधार मिळाला आहे. म्हणूनच या पदव्यांत कोणत्या विद्या एकत्र येतात आणि कोणत्या दाराबाहेर राहतात, हे पाहणे अगत्याचे झाले आहे. व्यवस्थापन, मानसशास्त्र, राज्यशास्त्र व कायदा यांना सहसा मानाचे पान मिळते. भाषेला मिळालीच तर संभाषणकौशल्यापुरती जागा मिळते. साहित्य हे प्रस्तावनेत एखाद्या सुभाषितापुरते येते. ही मांडणी किती अपुरी आहे, हे झाशीच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल.

झाशीत १९७५ पासून बुंदेलखंड विद्यापीठ आहे, आणि राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठही तेथेच आहे. राणीचे नाव नेतृत्वाच्या प्रत्येक व्याख्यानात निघते. पण बहुधा ते घोड्यावरच्या मूर्तीचे नाव असते, कारभार करणाऱ्या राज्यकर्तीचे नसते. वस्तुतः नेतृत्वाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल तो काळ निराळाच आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले, १८५४ साली डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले, आणि जून १८५७ मधील उठावानंतर झाशीचा कारभार राणीच्या हाती आला. एप्रिल १८५८ च्या आरंभी सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले; जूनमध्ये ग्वाल्हेरला राणीला वीरमरण आले. म्हणजे प्रत्यक्ष राज्यकारभाराला जेमतेम दहा महिने मिळाले. त्या अवधीत ओरछाच्या फौजेची स्वारी परतवून लावली गेली, फौज उभी राहिली, तोफखाना सज्ज झाला आणि दानधर्म व न्यायनिवाडाही चालू राहिला. नेतृत्व म्हणजे काय हे विचारायचे तर या दहा महिन्यांना विचारले पाहिजे.

परंतु या महिन्यांची साक्ष एका भाषेत नाही. कंपनी सरकारशी राणीने केलेला पत्रव्यवहार दरबारी खलित्यांच्या परंपरेतला आहे. जून १८५७ मध्ये सागरचे आयुक्त अर्स्किन यांना तिने झाशीतील कत्तलीची हकीकत कळविली. त्यांनी तिला कंपनीच्या वतीने तूर्त कारभार पाहण्यास सांगितले. या पत्रांच्या आधारे कोणी तिला नाइलाजाने बंडात ओढली गेलेली राजनिष्ठ स्त्री ठरविले, तर कोणी वेळ काढणारी मुत्सद्दी ठरविले. हा निर्णय व्यवस्थापनाच्या कोणत्याही कोष्टकाने लागणार नाही. खलित्यातील नम्रतेचे शब्द किती ठरीव साच्याचे आहेत आणि त्या साच्याला धक्का देऊन मूळ हेतू कोठे डोकावतो, हे ओळखणे वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच काम आहे. ज्याला पत्रवाङ्मयाचे संकेत ठाऊक नाहीत तो अदबीलाच निष्ठा समजेल, आणि त्या समजुतीवर निर्णयप्रक्रियेचा सिद्धान्त उभारून मोकळा होईल.

दुसरी साक्ष मराठीत आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांना राणीचे चरित्र लिहावयाचे नव्हते. घरचे कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळवून त्यांना परतावयाचे होते. म्हणूनच ‘माझा प्रवास’ची साक्ष मोलाची ठरते. राणीने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यांना बंड्या, टोप्या व घोंगड्या वाटविल्या, हे तेथे आढळते. शहर पडल्यावर राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची जी नासधूस झाली तिचे दुःख तेथे आढळते. आणि काळपीकडे वाटेवरच्या एका विहिरीपाशी तहानलेली राणी ब्राह्मणाला पाणी शेंदू न देता स्वतः शेंदते, तो प्रसंगही तेथेच आढळतो. पराभव झाल्यावर, हाती देण्यासारखे काही उरले नसताना, एखादी व्यक्ती इतरांशी कशी वागते यावर नेतृत्वाची कसोटी लागते. ती कसोटी नोंदविण्याचे काम कोणत्याही सरकारी दप्तराने केलेले नाही, एका भिक्षुकाने केले आहे.

या ग्रंथाचा इतिहासही अभ्यासकाला काही शिकवितो. गोडसे यांनी सुमारे पाव शतकानंतर आठवणी लिहून काढल्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांच्या भाषेत व मजकुरात फेरफार केलेले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. जवळजवळ साठ वर्षे वाचकांसमोर होती ती संपादकाच्या हाताखालून गेलेली राणी. नेत्याची प्रतिमा कोण घडवितो, कशासाठी घडवितो आणि त्यात काय गाळतो, या प्रश्नाचे पाठचिकित्सेइतके शिस्तबद्ध शिक्षण अन्य कोणती विद्या देते?

तिसरी साक्ष लोकस्मृतीची आहे. वृंदावनलाल वर्मा हे झाशी जिल्ह्यातलेच. त्यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत त्यांनी घराण्यात आणि परिसरात ऐकलेल्या आठवणींचा आधार घेतला. महाश्वेता देवी यांनी झाशीस जाऊन लोकगीते व आख्यायिका गोळा केल्या. त्यांचे ‘झांसीर रानी’ हे बंगाली चरित्र १९५६ साली आले. कोरी समाजातील झलकारीबाईची कथा तर मुख्यतः लोकस्मृतीनेच जिवंत ठेवली. पुढे दलित लेखनाने ती आग्रहाने पुढे आणली आणि २००१ साली तिच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. राणीचे रूप घेऊन शत्रूसमोर जाणारी झलकारी ही केवळ अनुयायी होती की स्वतःच नेता होती, हा प्रश्न बुंदेली आख्यायिका विचारते. पाठ्यपुस्तके तो विचारीत नाहीत.

या विद्याशाखेच्या जन्मकथेकडे पाहिले तरी साहित्याचा हक्क लक्षात येतो. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांचा १९७८ चा ‘लीडरशिप’ हा ग्रंथ या अभ्यासाचा पाया मानला जातो. हे बर्न्स आधी रूझवेल्ट यांचे चरित्रकार होते, आणि नेता व अनुयायी यांच्यातील नाते हेच त्यांच्या विवेचनाचे मर्म होते. संघटनाशास्त्राचे नामवंत अभ्यासक जेम्स मार्च स्टॅनफर्ड येथे नेतृत्व शिकवीत ते ‘ऑथेल्लो’, ‘सेंट जोन’, ‘वॉर अँड पीस’ आणि ‘डॉन किहोटे’ यांच्या आधारे. ज्यांनी ही शाखा उभारली त्यांना चरित्र व वाङ्मय परके वाटले नाही. ते परके वाटू लागले ते नंतरच्या अभ्यासक्रम रचणाऱ्यांना.

यावर दोन आक्षेप संभवतात. साहित्य नेत्याला दैवत बनविते, हा पहिला. आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला अंदाजपत्रक, कायदा व प्रशासन यांचे ज्ञान हवे, कादंबरी नको, हा दुसरा. पहिल्यात तथ्य आहे. राणीचे दैवतीकरण पुष्कळ झाले आहे. पण दैवत कसे बनते हे उलगडून दाखविण्याची साधनेही साहित्यविचारातच आहेत, आणि ती न शिकलेला पदवीधर त्याच दैवतीकरणाला सहज बळी पडेल. दुसरा आक्षेपही अर्धाच खरा आहे. बुंदेलखंडातील दुष्काळाशी व जुन्या तलावांच्या प्रश्नाशी झुंजणाऱ्या अधिकाऱ्याला अंदाजपत्रक वाचता आलेच पाहिजे. पण गावकऱ्याच्या बुंदेलीतील गाऱ्हाणे ऐकताना त्यातील विनंती कोणती, उपरोध कोणता आणि नकार कोणता, हे त्याला कळले नाही, तर त्याचा हुकूम कागदावरच राहील.

दोष एकाच पक्षाकडे नाही. साहित्याच्या विभागांनीही आपापली कुंपणे राखली. मराठीवाल्यांनी ‘माझा प्रवास’ला प्रवासवर्णनाच्या कप्प्यात ठेवले, हिंदीवाल्यांनी वर्मांना ऐतिहासिक कादंबरीच्या, आणि दोन्ही पुस्तके एका टेबलावर मांडण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. म्हणून नेतृत्वाच्या आंतरविद्याशाखीय पदवीत एक सक्तीची अभ्यासपत्रिका अशी असावी की जीत एकाच घटनेची किमान दोन भारतीय भाषांतील साक्ष, एक दप्तरी कागद आणि एक मौखिक कथन विद्यार्थ्याने एकमेकांशी ताडून पाहावे, आणि ती साहित्याच्या व समाजशास्त्राच्या अध्यापकांनी मिळून शिकवावी. झाशीत तिचा आरंभ व्हावा हे उचितच होईल. तेथे मराठी ही एके काळी राज्यकर्त्यांच्या घरातली भाषा होती. आज तेथील विद्यार्थ्याला आपल्याच शहराच्या वेढ्याची हकीकत वाचावयाची तर अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादाचा आधार घ्यावा लागतो. अनुवाद उपकारकच आहे. पण १९०७ आणि १९६६ यांतील अंतर मापावयाचे तर मूळ मराठी वाचता येणारे चार विद्यार्थी झाशीत असावे लागतील. ते तयार करण्याची जबाबदारी नेतृत्वाची पदवी देऊ इच्छिणाऱ्या विद्यापीठाची आहे, आणि ती त्याला आठवण करून देण्याची जबाबदारी भारतीय साहित्याच्या अभ्यासकांची आहे.