साठ पैशांचा हिशोब आणि नवापूरचा समुद्र

व्यापाऱ्याला तत्त्वज्ञानाशी काय काम, असे आमच्या बाजारात सर्रास म्हटले जाते. माल, गिऱ्हाईक, उधारी आणि वसुली यांपलीकडे बघायला सवड मिळत नाही, हे खरेही आहे. परंतु गादीवर बसून आम्ही दिवसातून दहा वेळा जे निर्णय घेतो, त्यांत बरेवाईट ठरविण्याचा प्रश्न असतोच. आम्ही त्याला 'धंद्यात असे चालतेच' एवढे म्हणून मोकळे होतो. आज अशाच एका निर्णयाविषयी लिहिण्याचे योजिले आहे. तो निर्णय आमचा स्वतःचा होता व त्यात आम्ही चुकलो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

आमचा व्यवसाय कापडाचा. भिवंडीहून ग्रे माल उचलायचा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो रंगवून, फिनिश करून घ्यायचा आणि पालघर, बोईसर व किनाऱ्याकडील दुकानदारांना पुरवायचा. काही वर्षांपूर्वी एका प्रोसेस हाऊसने आम्हाला मीटरमागे ६० पैसे कमी दर देऊ केला. बाहेरच्या माणसाला ६० पैसे म्हणजे काहीच नाही. पण लाख मीटरला ते ६० हजार रुपये होतात. काम चोख, रंग पक्का, ताके वेळेवर. दर कमी कसा, हे आम्ही विचारले नाही. एके दिवशी पहाटे माल घेऊन आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरने सहज सांगितले, "सेठ, रात्री मागच्या नाल्यात पाणी सोडतात. आज नाला लालभडक होता." टेम्पोत आमचाच माल होता आणि त्याचा रंग मरून होता.

हे कळल्यावरही आम्ही दोन सीझन गप्प बसलो. मनात हिशोब मांडला. त्या कारखान्यात साठ-सत्तर मजूर कामाला. तक्रार केली तर कारखान्याला टाळे लागणार, मजूर रस्त्यावर येणार, आमचा माल आत अडकणार आणि दुकानदारांना दिलेला वायदा मोडणार. इतक्या लोकांचे नुकसान करण्यापेक्षा चालले आहे ते चालू द्यावे, असे मनाला पटविले.

दोन तराजू

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले व दहावीनंतर लगेच दुकानावर बसलो. त्यामुळे आम्ही मांडलेल्या या हिशोबाला विद्वानांनी नाव दिलेले आहे, हे ठाऊक नव्हते. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आमच्या भाचीने ते सांगितले. इंग्लंडात बेंथमने १७८९ मध्ये व त्यानंतर मिलने हा विचार मांडला. ज्या कृतीने जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त भले होते ती कृती योग्य, हे त्याचे सार. हा मिल पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, म्हणजे कंपनीचा कारभार त्याने जवळून पाहिला होता.

दुसरा तराजू जर्मनीच्या कांटचा. त्याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात म्हटले की, परिणाम काय होईल हे पाहून कर्तव्य ठरत नाही. जो नियम सर्वांनी पाळावा असे तुम्हाला मनापासून वाटते, त्याच नियमाने स्वतः वागा. आणि कोणत्याही माणसाला केवळ आपल्या कामाचे साधन समजू नका.

मराठी वाचकांना हा वाद नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त बेंथम-मिल यांच्या मताची सविस्तर तपासणी केली आहे. तेथे अमेरिकेतील एका शहराच्या ट्रामगाडीचे उदाहरण येते. ट्रामने शहराचे हित होणार हे नक्की, परंतु परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली. हित झाले म्हणून लाच शुद्ध होते काय, असा तो प्रश्न. आमच्या नाल्याचा प्रश्न याच घराण्यातला आहे.

तारापूरची वही

वसाहतीला नाव तारापूरचे आणि स्टेशन बोईसरचे. येथे कारखान्यांची संख्या हजाराच्या वर आहे. रसायने, औषधे, पोलाद आणि आमचे कापड. या वसाहतीने पालघर जिल्ह्याला रोजगार दिला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासूनच्या मजुरांना भाकरी दिली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु वहीला दुसरी बाजू आहे. सांडपाण्यासाठी जो सामायिक शुद्धीकरण प्रकल्प होता, त्याची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती आणि येणारे पाणी त्याहून अधिक. हे पाणी पाइपाने नवापूरच्या समुद्रात सोडले जाई; जे पाइपात जात नसे ते नाल्यांतून खाडीत. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी ही सारी मासेमारीवर जगणारी गावे. ज्या पापलेटला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य माशाचा मान मिळाला, त्यासाठी सातपाटी पूर्वीपासून नावाजलेली. २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह सबंध देशात पहिल्या क्रमांकावर आले. परीक्षेत असा पहिला नंबर कुणी मागितला होता?

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखाने व सामायिक प्रकल्प यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला. त्याआधीच १९९६ मध्ये तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जो प्रदूषण करील त्यानेच त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले होते. कोर्टकचेरीचे जे व्हायचे ते होईल. आमचा मुद्दा कोर्टाबाहेरच्या माणसाचा आहे. कारखानदाराला आदेश आला. पण त्याच्याकडून कमी दरात माल रंगवून घेणाऱ्या व्यापाऱ्याला कुणी नोटीस पाठवीत नाही. त्याची नोटीस त्याने स्वतःच स्वतःला द्यावयाची असते.

एकाच चोपडीची दोन पाने

किनाऱ्यावरच्या एका गावात आमचे जुने दुकानदार गिऱ्हाईक आहेत. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या, घरात पैसा आला की त्यांची बाकी चुकती व्हायची. यात वर्षानुवर्षे खंड पडला नव्हता. त्या दुसऱ्या सीझनला ते हात हलवीत आले. म्हणाले, "सेठ, खाडीत जाळे टाकले तर नुसता काळा चिखल येतो. बायका पातळ हातात घेतात, भाव विचारतात आणि परत ठेवतात. मी तुम्हाला कुठून देऊ?"

ते गेल्यावर आम्ही चोपडी उघडली. एका पानावर प्रोसेसिंगमध्ये वाचलेली रक्कम होती, दुसऱ्या पानावर त्या गावांकडची थकलेली उधारी. तेव्हा लक्षात आले की, आम्ही जो मोठ्या लोककल्याणाचा हिशोब मांडला होता, त्यात साठ-सत्तर मजूर होते, आम्ही होतो, कारखानदार होता. खाडीवरचे एकही घर नव्हते. भाची म्हणाली, "मामू, तुमचा हिशोब बेंथमलासुद्धा पटला नसता. त्याच्या वहीत प्रत्येक माणूस एक म्हणून मोजायचा, कुणी शून्य नाही." पुष्कळांच्या भल्याच्या नावाखाली आम्ही ओळखीच्या माणसांचे भले मोजले होते.

मात्र येथे स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. कांटने एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो लहान मुलालाही रास्त भावानेच माल देतो. पण का देतो? नाव खराब झाले तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. त्याचे वागणे बरोबर आहे, पण त्याला प्रामाणिकपणाचे श्रेय देता येत नाही. कारण फायदा उलटला की भावही उलटेल. आमचे डोळे उधारी थकली म्हणून उघडले. ती थकली नसती तर? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आजही अवघड जाते.

गलबतातला एक माणूस

आमच्या मदरशांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी 'अल-मुस्तस्फा' या ग्रंथात असाच पेच घेतला आहे. गलबत बुडते आहे. एका माणसाला पाण्यात टाकले तर बाकीचे वाचतील, नाही तर सारेच बुडतील. टाकावे काय? इमामसाहेबांचे उत्तर : नाही, चिठ्ठी टाकून निवडले तरी नाही. सार्वजनिक हितासाठी एरवीची मनाई ओलांडायची, तर गरज जिवावरची हवी, परिणाम निश्चित हवा आणि हित सर्वांचे हवे. मूठभरांचे चालणार नाही. गलबतातले लोक म्हणजे सबंध समाज नव्हे, म्हणून तेथेही परवानगी नाही.

आता या तीन कसोट्या आमच्या ६० पैशांना लावून पाहा. गरज जिवावरची होती काय? नाही, नफ्यावरची होती. परिणाम निश्चित होता काय? तक्रार केली तर मजूर उपाशी मरतील हा आमचा अंदाज होता. नाला लाल होता हे मात्र डोळ्यांनी पाहिलेले. हित सर्वांचे होते काय? नवापूरला विचारा. गलबत बुडत नव्हते, तरी आम्ही माणसे पाण्यात टाकीत होतो; तीही दुसऱ्या गलबतातली.

कर्तव्यवाल्यांनाही एक प्रश्न

येथे काही सज्जन म्हणतील, मग सरळ सगळे कारखाने बंद करा. हेही आम्हाला मान्य नाही. दुसऱ्याच्या चुलीवर आपले तत्त्व शिजविणे सोपे असते. तिरुपूरचे उदाहरण कापडवाल्यांनी लक्षात ठेवावे. तेथील रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी व खालच्या शेतकऱ्यांची जमीन नासली. वर्षानुवर्षे 'धंद्यात असे चालतेच' म्हणत सारे पुढे ढकलले गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७०० हून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. मजूर गावी परतले, ऑर्डरी गेल्या. पुढे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची, बाहेर थेंबही न सोडण्याची व्यवस्था ज्यांनी केली त्यांचे काम सुरू झाले. म्हणजे जो खर्च आधी परवडत नव्हता तो नंतर करावाच लागला. मधल्या काळात शेतकरीही बुडाला आणि मजूरही. मजुराची भाकरी वाचविण्याच्या नावाने केलेली टाळाटाळ शेवटी मजुराच्याच भाकरीवर आली.

मग करावयाचे काय?

आम्ही ते प्रोसेस हाऊस सोडले. सांडपाण्याची व्यवस्था नीट असलेल्या ठिकाणी ६० पैसे जास्त देऊन माल रंगवू लागलो. शर्टाला दोन-सव्वादोन मीटर कापड लागते. म्हणजे एका शर्टामागे सव्वा-दीड रुपयाचा फरक. एकाही गिऱ्हाईकाने तो विचारला नाही. इतक्या स्वस्तात समुद्र विकला जात होता!

परंतु आम्ही तक्रार केली नाही, गुपचूप निघून आलो. आमच्या जागी दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल लागला असणार. नाला लालचा निळा झाला असेल एवढेच. एकट्याने हात झटकल्याने आमचे मन हलके झाले. खाडी स्वच्छ झाली नाही. हे ओझे आम्ही अजून वाहतो आहोत.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. माल टाकण्यापूर्वी प्रोसेस हाऊसकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मागा; त्याची मुदत व त्यात लिहिलेले सांडपाण्याचे प्रमाण वाचा. दर बाजारापेक्षा कमी असेल तर तो कोठून कमी झाला, हे विचारा. शुद्धीकरणाचा खर्च बिलात वेगळा दाखवायला सांगा व तो घासाघीस न करता द्या. गैरप्रकार दिसला तर मालकाला आधी लेखी कळवा, मुदत द्या, म्हणजे दुरुस्तीला वाव राहील व मजूर एका रात्रीत उघडे पडणार नाहीत. मुदत टळली तर मात्र मंडळाकडे जायला कचरू नका. आणि हे एकेकट्याने न करता पालघर-बोईसरच्या कापडवाल्यांनी एकत्र बसून ठरवा. सर्वांनीच स्वस्ताई नाकारली तर नाल्याची सोय करून घेणाऱ्याला गिऱ्हाईक उरणार नाही.

कर्तव्याचा तराजू आम्हाला सांगतो की, काय केव्हाही करायचे नाही. परिणामांचा तराजू सांगतो की, योग्य ते कमीत कमी इजा करून कसे घडवून आणायचे. दोन्ही तराजू दुकानात असावेत. फक्त पारड्यात वजन टाकताना, जो माणूस आपल्या दुकानाच्या पायरीवर कधी येत नाही त्याचेही वजन टाकले आहे ना, एवढे पाहावे. नवापूरचा माणूस आपल्या चोपडीत नसला तरी आपल्या हिशोबात आहेच.