दोन घरांमधल्या जागेचा हिशेब

मुंबई-पुण्यातील गृहनिर्माणाची चर्चा गेली कित्येक वर्षे चौरस फुटांतच चालली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातील घराचे चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि तिथून ३०० वर कसे गेले याचे श्रेय निवडणुकीच्या सभांतून घेतले जाते. मात्र एका उंबऱ्यापासून दुसऱ्या उंबऱ्यापर्यंतची जागा, जिथे मुले खेळतात, पापड-कुरडया वाळतात आणि शेजाऱ्याचे दुखणे-खुपणे कळते, ती किती असावी आणि तिची निगा कोणी राखावी हा प्रश्न कोणत्याच जाहीरनाम्यात सापडत नाही. घरावर मजला चढवता येतो, पोटमाळा काढता येतो. दोन घरांमधली जागा एकदा हातची गेली की ती परत मिळवता येत नाही, आणि म्हणूनच वस्तीचा आराखडा तिच्यापासून सुरू व्हायला हवा.

हे केवळ आदर्श म्हणून बोलायचे नाही, याचा पुरावा नवी मुंबईतच आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला रचलेली आणि ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी वसाहत पाहताना लक्ष घरांकडे जाते, पण तिची खरी रचना चौकांची आहे. सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीच्या एका चौकाभोवती ७ घरे, अशा तीन समूहांच्या मध्ये १२ मीटरचा थोडा मोठा चौक, म्हणजे २१ घरांचा शेजार, आणि असे तीन शेजार एकत्र आले की २० मीटरचे मैदान, अशी ही चढती साखळी आहे. घरे बैठी किंवा एकमजली, उद्‌वाहक कुठेच नाही, आणि तरीही हेक्टरी ५०० माणसे राहू शकतील इतकी दाटी त्यात बसवलेली होती; गर्दीच्या शहराला टोलेजंग इमारतींवाचून गत्यंतर नाही, हे गृहीतक किती सैल आहे ते यावरून कळते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या आणि बऱ्या उत्पन्नाच्या कुटुंबांमधले जमिनीचे अंतर मुद्दाम कमी ठेवलेले. कोणत्याही दोन घरांना सामायिक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची परवानगी न काढता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. संडास मात्र दोन-दोन घरांचे पाठीला पाठ लावून बांधलेले, जेणेकरून नळ आणि मलवाहिनीचा खर्च वाचावा. बांधकाम स्थानिक गवंड्याला सहज जमेल इतके साधे होते.

आज तिथे उतरत्या कौलांची मूळ घरे थोडीच उरली आहेत. बहुतेकांनी ती पाडून सिमेंट-काँक्रीटची दुमजली-तिमजली घरे बांधली, आणि वास्तुकलेच्या वर्तुळात याकडे कधीकधी रचनेचा पराभव म्हणून पाहिले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. वाढते घर, म्हणजे कुटुंबाची ऐपत आणि गरज बदलेल तसे टप्प्याटप्प्याने उभे राहणारे घर, ही कल्पना स्वीकारल्यावर ते घर मूळ छायाचित्रासारखे दिसत नाही अशी तक्रार करणे म्हणजे मूल वाढले म्हणून खंत करण्यासारखे आहे. घरे बदलली तरी चौकांची साखळी टिकून राहिली, आणि या वसाहतीची कसोटी तीच होती. खरी उणीव दुसरीकडे आहे: चौकात आता मोटारी उभ्या राहतात, आणि ७ घरांच्या मालकीची वाटणारी जागा कागदोपत्री कोणाची, तिथली फरशी उखडली तर दुरुस्ती कोणी करायची, याचे नियम आराखड्याइतक्या बारकाईने कधी लिहिलेच गेले नाहीत.

पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत, जिला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला, हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर राबवला. तिथे गरीब कुटुंबांना जोते, नळ आणि संडास यांचा गाभा देऊन उरलेले घर त्यांच्यावर सोपवले होते. तथापि ही दोन्ही उदाहरणे मोकळ्या जमिनीवरची आहेत. आधीच दाट वसलेल्या वस्तीत काय करावे, याचे उत्तर पुण्याच्या येरवड्यात शोधले गेले. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून महापालिकेने हाती घेतलेल्या त्या कामात वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, ‘स्पार्क’ ही संस्था आणि ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या बायकांच्या संघटना एकत्र आल्या. पक्की घरे तशीच ठेवायची, फक्त कच्ची पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांचे घर उभे करायचे, कुटुंबाने खर्चाचा दहावा हिस्सा उचलायचा, असे सूत्र होते. गल्ल्यांची ठेवण कायम राहिल्याने शेजार मोडला नाही, दुकान-शिलाईसारखी घरातून चालणारी कामे सुटली नाहीत. हे काम चिकाटीचे आहे. प्रत्येक घराचा आकार वेगळा, त्यामुळे प्रत्येकाचा नकाशा वेगळा, आणि कंत्राटदाराला ते मुळीच परवडत नाही.

याउलट गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत चौरस फुटांचा हिशेब चोख आहे. नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारतींमधले अंतर अवघे ३ मीटर ठेवले गेले. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण जास्त असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाची जागा, नियमांत सवलत देऊन कमी करता येते, ही सोय किती महाग पडते ते यातून दिसते.

पर्यावरणाचा मुद्दाही इथेच येऊन मिळतो. विटा, सिमेंट आणि पोलाद तयार करताना जी ऊर्जा खर्ची पडते, ती इमारतीत जणू साठवलेली असते. तीस-चाळीस वर्षांची धडधाकट इमारत पाडून तिथे ‘हरित’ मानांकनाचा मनोरा उभा करताना या साठ्याची किंमत कोणी मोजत नाही. पुनर्विकास नकोच असे नव्हे, कारण गळक्या आणि धोकादायक इमारतींत राहणाऱ्यांना सौंदर्यशास्त्राचे धडे देणे उद्धटपणाचे ठरेल. पण डागडुजीचा पर्याय पाडकामाआधी तपासलाच पाहिजे.

मनोरंजनासाठीची किमान मोकळी जागा वाहनतळाच्या छतावर न दाखवता जमिनीवरच असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केले आहे. त्याच दिशेने एक पाऊल पुढे टाकणे अवघड नाही. पुनर्विकासाचा नकाशा मंजुरीला येताना त्यात प्रत्येक चौकाचे माप, हिवाळ्यात तिथे ऊन येण्याचे तास आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या घरांवर राहील, एवढे तीन तपशील महापालिकांनी आणि सिडकोने लेखी मागावेत, आणि ते नसतील तर चटई क्षेत्राची चर्चा सुरूच करू नये.