मॅडमच्या पँटचे शासनाला वावडे का?



शिक्षकांनी शाळेत काय घालावे हे सांगणारा शालेय शिक्षण विभागाचा १५ मार्च २०२४ चा निर्णय पुन्हा एकदा वाचावा. पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. महिलांनी साडी, नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. जीन्स आणि टी-शर्ट दोघांनाही बंद. एवढ्यापुरते सारे समान. फक्त महिलांच्या यादीत पँट नाही.

गंमत अशी, की याच राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पोशाखाच्या सूचनांत महिलांना ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट चालतो; दुपट्टाही आवश्यक असेल तरच. म्हणजे तहसील कार्यालयातल्या मॅडमनी पँट घातली तर ती शोभते आणि शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी घातली तर नियमात बसत नाही! ताडोबातली महिला वनरक्षक तर खाकी पँट-शर्ट घालूनच जंगल तुडवते. तो गणवेश तिला शासनानेच दिला आहे.

पुण्या-मुंबईत हा आवडीनिवडीचा वाद वाटेल. चंद्रपूर-गडचिरोलीत तो रस्त्याचा प्रश्न आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्याची बातमी होते. आडवाटेवरच्या नाल्यांची होत नाही. रपट्यावरून पाणी वाहत असताना सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि गाडी ढकलत पलीकडे जातात. मॅडमनी निऱ्या धरायच्या की गाडी? त्यानंतर ओल्या साडीत दिवसभर शिकवायचे. साडी नको म्हणून सलवार-कुर्ता घातला, तर दुपट्टा मागच्या चाकात जाऊ नये म्हणून कमरेला करकचून बांधायचा. कागदावर पर्याय असले तरी तपासणीच्या दिवशी ‘साडीच बरी दिसते’ असा निरोप येतोच.

गणवेश ठरवण्याचा शासनाचा अधिकार मी नाकारत नाही. पण संविधानाचे १५ वे आणि १६ वे कलम लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करते. मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील महिला अधिकाऱ्यांना लावलेले निकष तपासले. नियम दिसायला सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार प्रत्यक्षात महिलांवर पडत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने सांगितले. इथे तर तेवढाही आडपडदा नाही. स्त्री की पुरुष एवढेच पाहून दोन याद्या केल्या आहेत.

उरला संस्कारांचा मुद्दा. आमच्याकडच्या पोरी पोलीस आणि वनरक्षक भरतीसाठी ट्रॅक पँट घालून पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. वर्गात पँट घातलेल्या मॅडम दिसल्याने त्यांचे काय बिघडणार आहे? केरळच्या उच्च शिक्षण विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्येच शिक्षिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही असे बजावले. तिथली महाविद्यालये काही बुडाली नाहीत.

नवा मसुदा, समिती, अहवाल यांतले काहीही लागणार नाही. २०२० च्या सूचनांतली ट्राउझरची आणि ऐच्छिक दुपट्ट्याची तरतूद शिक्षिकांनाही लागू करावी. चंद्रपूर-गडचिरोलीतील शिक्षक संघटनांनी जुन्या पेन्शनइतक्याच जोराने ही मागणी धरावी आणि जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडण्यापूर्वी शालेय शिक्षण विभागाने तसे शुद्धिपत्रक काढावे.

— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)