सीलबंद पाकीट म्हणजे तपासलेला मासा नव्हे!



फ्रोझन फूडच्या व्हिडिओनंतर एका ताईंनी विचारलं, "सर, बासा बाहेरच्या देशातून येतो, बंदरावर तपासणी होतेच. मग आपण वरवट बकालमध्ये बसून अजून काय तपासायचं?"

माझं मत स्पष्ट आहे. शेवटची तपासणी दुकानदाराची. ती जमत नसेल तर या धंद्यात पडू नका.

आयात मासळीवर दोन चाळण्या असतात. माशांचे रोग देशात येऊ नयेत म्हणून सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं. खाणाऱ्यासाठी माल चांगला आहे का, हे एफएसएसएआय कागद, लेबल आणि नमुने बघून ठरवते. पण नमुना म्हणजे प्रत्येक पाकीट नव्हे, आणि तो रिपोर्ट त्या दिवसापुरता! पुढे गोदाम, गाडी, आपल्याकडची लाईट. गोठवल्याने बरेच जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. माल वितळला की पुन्हा वाढतात. परत गोठवला की पाकीट वरून तसंच दिसतं. "शिजवलं की सगळं मरतं" असंही समजू नका. बांगड्यासारख्या माशात तयार झालेलं हिस्टामाइन शिजवूनही जात नाही.

गोव्याचं उदाहरण बघा. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी आली. नंतर प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं गेलं, पण लोकांचा विश्वास बसेना. शेवटी सरकारला बाहेरच्या मासळीवर १५ दिवस बंदी घालावी लागली. जिथे रोज ताटात मासळी लागते तिथे ही गत. आपल्या गावात एका गिऱ्हाईकाचं पोट बिघडलं तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं!

मग करायचं काय?

१. बिलावर बॅच नंबर घ्या. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, तारखा आणि एफएसएसएआय नंबर बघा.

२. माल उतरवतानाच थर्मामीटर लावा. उणे १८ अंश हवं. आत बर्फाचे खडे किंवा तुकड्यांचा एकच गोळा झाला असेल तर माल परत.

३. प्रत्येक बॅचचं एक पाकीट फ्रिजमध्ये वितळवा, वास घ्या, पाणी निथळून वजन करा. बर्फाचे पैसे देऊ नका.

४. फ्रीजरमध्ये वाटीभर बर्फ जमवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं आत बुडालेलं दिसलं तर रात्री फ्रीजर बराच वेळ बंद होता.

मागच्या उन्हाळ्यात माझं नाणं तळाशी गेलं होतं. अख्खा माल फेकला. जीवावर आलं, खोटं बोलत नाही. पण तो तोटा एका दिवसाचा होता. नाव गेलं असतं तर दुकानच गेलं असतं.

आणि हो, मासा धुतलेलं पाणी शेततळ्यात टाकू नका. माशांचे काही विषाणू बर्फातही टिकतात.

फ्रीजर घेण्याआधी थर्मामीटर घ्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!