बचाव करणारीचा बचाव

फुटबॉलच्या मैदानात ज्याच्या पायातून गोल होतो त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक छापून येते. होऊ घातलेला गोल ज्याने होऊ दिला नाही, त्याचे नाव बहुधा कोणाच्या ध्यानात राहात नाही. बचावपटूचे कर्तृत्व हे असे न घडलेल्या गोष्टींत मोजावे लागते. नव्वद मिनिटे तो चोख उभा राहिला तर ते त्याचे कर्तव्यच, आणि एकदा पाय घसरला तर तो कायमचा अपराधी! फुटबॉल ज्यांच्या हाडीमाशी खिळला आहे त्या गोमंतकीय वाचकांस हे समजावून सांगण्याचे कारण नाही. आयर्लंडच्या महिला संघाच्या बचावफळीत दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या लुईझ क्विन यांनी २०२५ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. शंभराहून अधिक सामने खेळलेल्या या उंचनिंच खेळाडूने किती चेंडू डोक्याने परतविले याचा हिशेब आम्ही मांडणार नाही. आम्हांस पडणारा प्रश्न वेगळाच आहे. आयुष्यभर दुसऱ्याचे गोलजाळे राखणाऱ्या या बाईच्या पाठीशी बचावाला कोण उभे होते?

क्विन यांचा जन्म १९९० सालचा. विक्लो परगण्यातील ब्लेसिंग्टन हे त्यांचे गाव. डब्लिनच्या परिसरातील पीमाऊंट युनायटेड संघातून त्या पुढे आल्या. २००८ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, त्यांनी देशाचा पोषाख अंगावर चढविला. आयर्लंडमधील महिलांची राष्ट्रीय लीग २०११ साली सुरू झाली आणि पहिल्याच हंगामाचे विजेतेपद पीमाऊंटने पटकावले. परंतु हा खेळ हौशी होता. त्यावर पोट भरणे शक्य नव्हते. तेव्हा २०१३ साली क्विन स्वीडनमधील एस्किलस्टूना येथे गेल्या. दुय्यम श्रेणीतील तो संघ त्याच वर्षी वरच्या श्रेणीत चढला आणि २०१५ साली देशात दुसरा आला. पुढे त्या इंग्लंडला आल्या, आणि तेथेच २०१७ चा एप्रिल महिना उजाडला.

त्या महिन्याच्या चार तारखेस आयर्लंडच्या महिला संघातील खेळाडू डब्लिनच्या ‘लिबर्टी हॉल’मध्ये पत्रकारांसमोर येऊन बसल्या. कामगार चळवळीच्या इतिहासात या वास्तूला मोठे स्थान आहे. फुटबॉलच्या तक्रारी मांडण्याची ती नेहमीची जागा नव्हे. खेळाडूंनी सांगितले ते ऐकून कोणाही सुजाण माणसाने मान खाली घालावी. सामन्यासाठी जाता-येता घालावयाचे संघाचे कपडे त्यांना लहान वयाच्या संघांबरोबर वाटून घ्यावे लागत आणि परतीच्या वेळी विमानतळावरील स्वच्छतागृहात उतरवून परत करावे लागत. देशासाठी खेळावयास कामावरून रजा घेतली तर बुडालेल्या मजुरीची भरपाई नव्हती. स्लोव्हाकियाविरुद्धचा सामना तोंडावर आला होता. मागण्यांचा विचार झाला नाही तर खेळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. दोन दिवसांत तोडगा निघाला. जी गोष्ट वर्षानुवर्षे विनंत्यांनी साधली नव्हती ती जाहीर उच्चाराने अठ्ठेचाळीस तासांत साधली, यातच तिची खरी अडचण पैशाची होती की मनाची, याचे उत्तर मिळते.

परंतु क्विन यांच्यापुरता तो एप्रिल एवढ्यावर संपावयाचा नव्हता. त्या वर्षीच्या आरंभी त्या इंग्लंडमधील नॉट्स काउंटीच्या महिला संघात दाखल झाल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी या संघाने वेम्बली मैदानावर झालेल्या महिलांच्या पहिल्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात भाग घेतला होता. २१ एप्रिल रोजी, नवीन स्पर्धेच्या पहिल्या सामन्यास दोन दिवस उरले असताना, मालकाने संघ बंद केल्याचे जाहीर केले. खर्च परवडत नाही, हे कारण! पुरुषांचा संघ मात्र चालू राहिला. घर आवरताना पहिली कात्री कोणत्या खर्चाला लावावयाची हे ठरविताना चालकांना फार विचार करावा लागला असेल असे दिसत नाही. एकाच महिन्यात राष्ट्रीय संघटनेकडून अंगावरच्या कपड्यांसाठी झगडावयाचे आणि क्लबकडून पायाखालची जमीन काढून घेतली जावयाची, हे या देशप्रतिनिधीच्या वाट्याला आले.

यावर एक ठराविक युक्तिवाद केला जातो. प्रेक्षक आले की पैसा येईल, आणि पैसा आला की सोयी होतील. तोवर बायकांनी धीर धरावा. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो, परंतु इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. १९२० सालच्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे त्रेपन्न हजार लोक लोटले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना बंद केली, आणि ती बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली. म्हणजे प्रेक्षक नव्हते म्हणून दार लागले नाही. दार लावले म्हणून प्रेक्षक गेले. आधी विहीर बुजवावयाची आणि मग गावाला तहान नाही असे म्हणावयाचे, यातला हा प्रकार!

क्विन मात्र खचल्या नाहीत. ज्या आर्सेनलविरुद्ध नॉट्स काउंटीचा तो न झालेला सामना व्हावयाचा होता, त्याच आर्सेनलने त्यांना आपल्याकडे घेतले आणि २०१९ साली त्या इंग्लंडच्या विजेत्या संघात होत्या. नंतर फ्लॉरेन्समध्ये एक हंगाम आणि मग बर्मिंगहॅम. इकडे २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये आयर्लंडने पुरुष व महिला संघांना सामन्याचे मानधन समान केले. पुरुष खेळाडूंनी त्यासाठी आपल्या मानधनात कपात स्वीकारली, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. २०२२ च्या ऑक्टोबरात ग्लासगो येथे स्कॉटलंडला १-० असे नमवून आयर्लंडच्या महिला प्रथमच विश्वचषकास पात्र ठरल्या. २० जुलै २०२३ रोजी सिडनीत त्यांचा पहिला सामना ७५,७८४ प्रेक्षकांनी पाहिला. तीन सामन्यांत एक बरोबरी, दोन पराभव. अंगावर गोल झाले ते अवघे तीन. आकडे लहान आहेत, पण सहा वर्षांपूर्वी स्वच्छतागृहात कपडे बदलणाऱ्या संघाचे ते आहेत हे विसरून चालणार नाही.

या यशाचे श्रेय आता अनेक जण घेतील. समान मानधन ही संघटनेची उदारता, असेही म्हटले जाईल. आमच्या मते ती उदारता नव्हे. फार उशिरा फेडलेले ते ऋण होय. संस्था खेळाडूला गुणवत्ता देऊ शकत नाही. धड कपडे, वेळेवर भरपाई आणि उद्याही संघ जाग्यावर असेल एवढा भरवसा मात्र देऊ शकते. हा भरवसा म्हणजेच संस्थेचा बचाव. क्विन यांच्या पिढीला तो मिळाला नाही. त्यांना तो स्वतःच उभारावा लागला, आणि त्याचा लाभ त्यांच्या पश्चात येणाऱ्या मुलींना होईल. ज्या मुलीला विमानतळावर कपडे उतरवून द्यावे लागणार नाहीत, तिला हा गोल कधी काळी अडविला गेला होता हे कळणारही नाही. चांगल्या बचावपटूची हीच तर खूण असते.