झहीरचं ते पहिलं षटक

या शनिवारी श्रीरामपूरला मामांकडे गेलो होतो. चहा झाला, गप्पा क्रिकेटवर आल्या आणि मामांनी नेहमीची कॅसेट लावली. "दोन हजार तीनची फायनल झहीरने पहिल्याच ओव्हरला घालवली!" झहीर खान म्हणजे ह्याच श्रीरामपूरचा. घरच्या पोराबद्दल घरचीच माणसं असं बोलतात, म्हणून डोकं फिरतं राव.

मी तेव्हा बालवाडीत होतो, त्यामुळे मॅच आठवतेय असा आव आणत नाही. पण धावफलक वाचता येतो.

ते षटक वाईटच होतं. नो बॉल, वाईड, १५ धावा. एकूण ७ षटकांत ६७ आणि बळी शून्य. मान्य.

आता हिशोब करू. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. पहिल्या षटकाच्या १५ सोडाच, झहीरच्या सगळ्या ६७ पुसून टाका. राहिल्या २९२. आपण केल्या २३४. म्हणजे पठ्ठ्याने सातही षटकं निर्धाव टाकली असती, तरी आपण ५८ धावांनी हरलो असतो!

पाँटिंग आणि मार्टिनची नाबाद भागीदारीच २३४ ची, आपल्या अख्ख्या संघाइतकी. श्रीनाथच्या १० षटकांत ८७ गेल्या. टॉस जिंकून बॅटिंग त्यांना आपणच दिली. पण बोलणी खायची झहीरने.

मामा म्हणाले, "आकडे सोड, त्या ओव्हरने हवाच गेली." मामा, तुमचं मानलं तरी बाकीची ४९ षटकं काय हवा भरायला होती? आणि फायनलपर्यंत पोचवलं कोणी? त्या स्पर्धेत झहीरचे १८ बळी, भारताकडून सगळ्यात जास्त.

आता २ एप्रिल २०११, वानखेडे. झहीरची पहिली ५ षटकं: ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. हे मामांना तोंडपाठ. उरलेल्या ५ षटकांत ५४ गेल्या, हे मात्र आठवत नाही. का? तर आपण जिंकलो. हरलो असतो तर तीच ५ षटकं आज चहाबरोबर चघळली असती.

आमच्या धंद्यातही हेच. रिलीज गंडलं की शेवटचा कोड कोणी टाकला ते शोधायचं, त्या पोराला झापायचं आणि मोकळं व्हायचं. डिझाइन कोणी केलं, टेस्टिंगला दिवस किती दिले, हे विचारायचं नाही. एक माणूस सापडला की बाकीचे सुटतात ना!

त्या फायनलला झहीर २४ वर्षांचा होता. पुढे २००७ ला ट्रेंट ब्रिजला ९ बळी घेऊन त्याने कसोटी जिंकून दिली. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ बळी. कसोटीत एकूण ३११. एका षटकावरून माणूस मोजणाऱ्यांनी हे कुठे मांडायचं ते सांगावं.

मामा शेवटी "बरं बाबा" म्हणाले आणि टीव्ही लावला. पटलेलं नाही, कळतं मला. असो. दिवाळीला परत जायचंय, तेव्हा धावफलकाची प्रिंटच घेऊन जातो :)