कपाट आवरा, पण आपल्या हिशेबाने



थंडी ओसरली की जर्मनीत घरोघरी कपाटं रिकामी करायचा हंगाम सुरू होतो. जाड जॅकेटं खाली केलरमध्ये जातात, टी-शर्ट वर येतात, आणि मासिकांतून दर वर्षीचा तोच सल्ला छापून येतो: वर्षभरात जे अंगावर चढलं नाही ते काढून टाका. सल्ला वाईट नाही. पण माझं स्पष्ट मत असं आहे की तो आपल्या कपाटाला जसाच्या तसा लावला तर नुकसान आहे, आणि अजिबात न लावला तरी आहे. कसं ते सांगतो.

इथल्यांसाठी तो सल्ला बरोबरच आहे. ग्रीनपीसने २०१५ साली जर्मनीत पाहणी केली होती. मोठ्या माणसांच्या कपाटांत मिळून सुमारे ५२० कोटी कपडे निघाले, म्हणजे मोजे आणि आतले कपडे सोडून माणशी ९५. त्यातले ४० टक्के क्वचित किंवा कधीच न घातलेले! सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला शर्ट वर्षभर लटकला तर तो गेलेलाच बरा.

आता आपलं बघा. इथल्या भाड्याच्या घरात भिंतीतलं कपाट बहुधा नसतंच. आपणच श्रांक विकत आणायचा आणि स्क्रू पिळत बसायचं. त्या एका श्रांकात आपली तीन कपाटं कोंबलेली असतात. पहिलं ऑफिसचं आणि थंडीचं. दुसरं सणासुदीचं: गणपती, दिवाळी, कुणाचं लग्न. पैठणी, झब्बा, शेरवानी, सगळं वर्षातून दोनदा निघणार, आणि त्या वर्षी भारतात जाणं झालं नाही तर तेही नाही. तिसरं कपाट आहेराचं. शर्टपीस, ब्लाऊजपीस, नावडत्या रंगाची साडी, मापात न बसलेला कुर्ता. कुणी प्रेमाने दिलं, आपण २३ किलोच्या बॅगेत कसंबसं बसवलं, आणि तेव्हापासून ते घडीतच आहे.

वर्षभराचा नियम लावला की पहिला बळी पैठणीचा जातो. उलट सेलमधला शर्ट एकदा घातलेला असतो म्हणून वाचतो! मारी कोंडोबाईंचं पुस्तक जर्मनीत 'मॅजिक क्लीनिंग' नावाने २०१३ मध्ये आलं, नेटफ्लिक्सवरची मालिका २०१९ मध्ये. त्यांचं म्हणणं, वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का ते बघा. पण आपल्याकडे कपडा एकट्याचा नसतो ना! आमच्या धंद्यातल्या लोकांना कळेल असं सांगतो: गार्बेज कलेक्टर एखादं ऑब्जेक्ट तेव्हाच उडवतो जेव्हा त्याला कुणाचाच रेफरन्स उरलेला नसतो. आजीच्या इरकलीला चार घरांचे रेफरन्स असतात. प्रश्न आनंदाचा नाहीच, प्रश्न हा की हा कपडा पुढे कुणाचा.

आपल्या आई-आजीला हा प्रश्न पडायचा नाही, कारण उत्तर तयार असायचं. मोठ्याचा शर्ट धाकट्याला. जुन्या नऊवारीची गोधडी. अगदीच विटलेल्याचं पायपुसणं. राहिलेलं बोहारणीला. बोहारीण कपडा उजेडात धरून विरलाय का बघणार, आई पातेलं मोठं मागणार, अर्धा तास घासाघीस. आपल्याला ती गंमत वाटायची, पण तो चोख व्यवहार होता. कपड्याची किंमत कुणीतरी डोळ्यांसमोर ठरवत होतं, आणि तो पुढे वापरला जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

इथे बोहारणीच्या जागी आल्टक्लायडर-कंटेनर आहे. पिशवी आत ढकलली, झाकण आपटलं, मन हलकं. पुढे काय? जर्मनीत २०१८ साली साधारण १३ लाख टन जुने कपडे गोळा झाले. त्यातला थोडाच भाग इथल्या गरजूंना मिळतो, बाकीचा व्यापारात जातो. युरोप-अमेरिकेतले असे गठ्ठे आपल्याकडे गुजरातेत कांडल्यालाही उतरतात. तिथे वर्गवारी होऊन बरेच पुढे आफ्रिकेला जातात. फाडलेले लोकरी कपडे पानिपतला जातात, त्यांची पुन्हा लोकर करून स्वस्त ब्लँकेटं विणतात. म्हणजे एखाद्या जॅकेटचं अक्षरशः पानिपत होतं!

त्यातून १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार कापड वेगळं गोळा करणं बंधनकारक झालं. लोकांनी अर्थ लावला की फाटकं-मळकंसुद्धा कंटेनरमध्येच टाकायचं, आणि चांगल्या कपड्यांत घाण मिसळायला लागली. खरं तर अगदी खराब झालेला कपडा अजूनही साध्या कचऱ्यातच जातो. वर्गवारी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी सोएक्सने २०२४ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. काही ठिकाणी संस्थांनी आपले कंटेनर उचलून नेले. तेव्हा कंटेनर म्हणजे दानपेटी हा समज आता सोडावा.

"मग राहू दे ना श्रांकमध्येच," असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक इथलीच गोष्ट. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे बऱ्याचदा घर रिकामं करून देणाऱ्या कंपनीला बोलावतात. दोन दिवसांत सगळं ट्रकमध्ये. उद्या आपल्या मुलांनी तेच केलं तर त्या ट्रकमधल्या माणसाला इरकल आणि पडद्याचं कापड यातला फरक कोण सांगणार? मुलांना तरी आपण सांगितलाय का? साडी टिकवणं आणि नुसती साठवणं यात फरक आहे. जर एकाच घडीवर पिचते, म्हणून घडी अधूनमधून मोडावी लागते. प्लास्टिक नको, मलमल हवी. केलर दमट असतं, तिथे तर नकोच. कसर सुती कपड्याला सहसा लागत नाही, पण रेशीम आणि लोकर फस्त करते. तीन-तीन वर्षं न उघडलेली पैठणी सांभाळलेली नसते, विसरलेली असते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. रोजच्या कपड्यांना जर्मन नियम लावा, बिनधास्त. सणाच्या कपड्यांना वर्षाचा नियम नको, पण प्रत्येकाला वारस हवा. आजीची कुठली, मामीची कुठली, एका चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा, मुलांना दाखवा, लेकीला नको असेल तर भाचीला आत्ताच देऊन टाका. गोधडी होणार असेल तर तीही करा, त्यात अपमान नाही. आणि आहेराचं कपाट मुळातच बंद करा. आपण परदेशात राहणाऱ्यांनी आपसात कापडाची देवाणघेवाण थांबवली, तर निदान ते कपाट भरणार तरी नाही. भारतातल्या काकूला "नको" म्हणणं अवघड आहे, मान्य. पण इथल्या इथे तरी?

काहींना यात कोरडेपणा वाटेल. मला उलट वाटतं. आईने दिलेली साडी कुणाच्या तरी अंगावर दिसावी असं वाटत असेल, तर ते कुणीतरी आपल्यालाच शोधायचं आहे. इथे दारावर बोहारीण येणार नाही.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, जरूर लिहा.